मदत हवी आहे: शनिवारी सलग ऐकायला अलीकडचा एक अल्बम सुचवा

निवांत_दुपार:
नमस्कार. परवा शनिवारी बैठक आमच्याकडे आहे आणि माझा अल्बम अजून ठरत नाहीये. 2020 नंतरचा हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकण्यासारखा हवा आणि तासाच्या आत संपणारा हवा. प्रकार कुठलाही चालेल, भाषेची अट नाही. कृपया याद्या टाकू नका. एकच नाव सांगा आणि तेच का, ते सांगा.

काय काय ऐकून बाजूला ठेवलंय तेही सांगते, म्हणजे तीच नावं परत यायची नाहीत. बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' (2024) मला फार आवडतो. कंट्री संगीतावर आपलाही हक्क आहे हे ती ज्या ऐटीत गाते त्याला तोड नाही. पण 27 ट्रॅक, सव्वा तासाच्या वर! टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला त्याच रात्री 31 गाण्यांचा झाला. त्यातली बारा ठेवली असती तर तिच्या सगळ्यात चांगल्या कामात मी त्याला धरलं असतं. बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (2024) दहाच गाण्यांचा, नेटका, शेवटच्या गाण्यापर्यंत धरून ठेवणारा. तो वाजवून झाला. द क्युअरचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' (2024) पण झाला, सोळा वर्षांनी आलेला अल्बम इतका भरीव असेल असं वाटलं नव्हतं. फ्लोटिंग पॉइंट्स आणि फॅरो सँडर्सचा 'प्रॉमिसेस' (2021) हा माझा पहिला पर्याय होता, पण घरी लावून पाहिला आणि जमला नाही.

उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय. लवकर सांगा.

मध्यलय:
बैठक म्हणजे नक्की काय? किती जण, कोणत्या वयाचे, काय ऐकत आलेले? आणि 'जमला नाही' म्हणजे काय झालं? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

डबलबेस:
ब्लडीवूडचा 'रक्षक' (2022). विषय संपला. दिल्लीचा बँड आहे. मेटल गिटारच्या भिंतीवर ढोल आणि बासरी, हिंदी-पंजाबीत गाणं, इंग्रजीत रॅप. नैराश्यात रुतलेल्या माणसाला हात देऊन उठवणारं गाणं आहे त्यात, ते मी माझ्या सगळ्यात वाईट वर्षात रोज ऐकलंय. एकदा मोठ्या आवाजात लावा.

तबकडी:
अल्बम कोणता हा नंतरचा प्रश्न. कशावर ऐकता? सलग ऐकायचं तर तबकडीच हवी. वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते, तेवढ्यात कानाला विसावा मिळतो. मोबाइलवर अल्बम ऐकला जात नाही, तो नुसता चालू राहतो.

निवांत_दुपार:
बैठक म्हणजे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सहा जण जमतो, दिवे मालवतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि एक अल्बम पूर्ण ऐकतो. मग खाणं आणि चर्चा. मी, नवरा, दोन मैत्रिणी, शेजारचा एक कॉलेजचा मुलगा आणि बाबा. वय 19 ते 74. नेहमीचे दोन स्पीकर आहेत, मोबाइल जोडून वाजवतो. तबकडी नाही आणि परवापर्यंत येणारही नाही.

'प्रॉमिसेस' का नाही जमला: एक तर तुकडे उलटसुलट लागले. दुसरं, बाबा म्हणाले सॅक्सोफोन थरथरतोय, सूर एका जागी ठरत नाही. मला तर तो सरळच ऐकू येत होता. त्यांनी पाच मिनिटांत उठून गॅलरी गाठली.

ट्रेंटनकर:
उलटसुलट म्हणजे शफल चालू आहे. फुकटच्या खात्यावर काही ॲपमध्ये तो बंदच करता येत नाही. 'प्रॉमिसेस'वर तर हा अन्यायच, कारण नऊ तुकडे असले तरी ती एकच रचना आहे, 46 मिनिटांची. सात स्वरांची एक छोटी आकृती सुरुवातीला येते आणि जवळजवळ सगळाभर फिरत राहते. तिच्यावर फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन येतो, चौथ्या तुकड्यात तो शब्दांशिवाय नुसता गुणगुणतो, आणि सहाव्यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची व्हायोलिनं अशी उसळतात की मी गाडी बाजूला घेतली होती. हा क्रमाने ऐकल्याशिवाय सोडू नका. महिनाभराचे पैसे भरा किंवा अल्बम विकत घ्या. क्रॉसफेडसुद्धा (एक तुकडा संपता संपता पुढचा त्यावर चढवणारी सोय) बंद करा, नाहीतर दोन तुकड्यांमधली शांतता खाल्ली जाते.

मध्यलय:
बाबा काय ऐकत आलेत? आयुष्यभर शास्त्रीय ऐकलेल्या माणसाला सात स्वरांची आकृती 46 मिनिटं ऐकवली तर तो बढत, म्हणजे पायरीपायरीने होणारा विस्तार, शोधणार, आणि ती नाही सापडली की उठणार. रागाच्या विलंबितातही तोच मुखडा परत परत येतो, पण दर आवर्तनात मधली जागा नव्याने भरलेली असते. इथे मधे काय भरलंय?

ट्रेंटनकर:
सॅक्सोफोन भरलाय ना! मुखडा तोच आणि मधली जागा सँडर्स भरतो. तुम्ही पूर्ण ऐकलात का?

मध्यलय:
दोन तुकडे ऐकले.

ट्रेंटनकर:
मग सहाव्यापर्यंत जाऊन या, मग बोलू.

सुसाट_77:
दोन हजारांच्या आत इअरफोन घ्यायचा तर वायरवाला घ्या. त्याच पैशात ब्लूटूथवाल्यापेक्षा आवाज कितीतरी मोकळा मिळतो. माइक हवा असेल तर खोक्यावर आधी बघून घ्या.

निवांत_दुपार:
इअरफोन नकोय. सहा जण आहोत.
बाबा पन्नास वर्षं शास्त्रीय ऐकतायत. सवाईला पूर्वी तीनही रात्री बसायचे. पण ते हट्टी श्रोते नाहीत. बैठकीत त्यांनी केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' (2024) शेवटपर्यंत ऐकला आणि मुलाला विचारलं, हा सम (तालाची पहिली मात्रा) कुठे धरतो ते दाखव. त्यामुळे वयाचा मुद्दा कृपया काढू नका.

पाणचक्की:
अरूज आफताबचा 'व्हल्चर प्रिन्स' (2021). धाकटा भाऊ गेला त्या काळातला अल्बम आहे, त्यालाच अर्पण केलेला. ढोलकी-तबल्याचा भार जवळजवळ नाहीच. हार्प, गिटार आणि तिचा खालच्या पट्टीतला आवाज. मेहदी हसन यांनी गायलेली हफीझ होशियारपुरींची गझल तिने इतकी धिमी केलीय की प्रत्येक शब्द उतरायला वेळ मिळतो. 2022 मध्ये त्याच गझलेला ग्रॅमी मिळालं. बाबांना नक्की आवडेल.

आणि तिचा पुढचा 'नाइट रेन' (2024) सुद्धा सोडू नका. त्यात माह लका बाई चंदांचं काव्य आहे. अठराव्या शतकातली ही कवयित्री आमच्या औरंगाबादेत जन्मली आणि हैदराबादेत नावाला चढली. उर्दूत स्वतःचा दिवाण (काव्यसंग्रह) असलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. तिचे शब्द न्यू यॉर्कमधली एक पाकिस्तानी गायिका आज गाते, आणि आमच्या शहरात दहा जणांना विचारा, एकालाही नाव माहीत नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

डबलबेस:
ग्रॅमी मिळालं म्हणून ऐकायचं का? आणि अंधारात बसून एवढं धिमं ऐकलं तर शेजारचा मुलगा झोपेल.

पाणचक्की:
ग्रॅमीचं शेवटी सांगितलं, आधी संगीताचंच सांगितलंय. वाचा.

तबकडी:
शक्ती या बँडचा 'धिस मोमेंट' (2023) कसा कोणी सुचवला नाही? मॅक्लॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश. पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी स्टुडिओत जाऊन केलेला अल्बम, आणि आता झाकीरभाई नाहीत.

निवांत_दुपार:
तो डिसेंबर 2024 च्या बैठकीत वाजवला. झाकीरभाई जाऊन दोनच आठवडे झाले होते. त्या दिवशी चर्चा झालीच नाही.

'व्हल्चर प्रिन्स' आत्ता लावून पाहिला. मला अतिशय आवडला. बाबा म्हणतात हार्प छान, पण बाईंनी सूर लांबवला की तोही थरथरतो. आता मला कळेनासं झालंय. स्पीकर बिघडलेत का?

कानोसा:
ताई, तुम्हा बाकीच्यांना सूर सरळ ऐकू येतो आणि फक्त बाबांना थरथरता? बाबा कानाचं मशीन लावतात का?

निवांत_दुपार:
हो, दिवाळीपासून. दोन्ही कानांना. त्याचा काय संबंध? बोलणं तर आता छान ऐकू येतं त्यांना.

कानोसा:
तोच संबंध आहे. मी याच कामात आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मशीनमधून मोठा झालेला आवाज कानाच्या फटीतून बाहेर येतो, परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ती थांबवायची सोय मशीनमध्येच असते. एकसारखा लांब चाललेला बारीक सूर सापडला की ते त्याला शिट्टी समजतं आणि मारायला जातं. बोलण्यात असा सूर क्वचितच येतो. पण बासरी, सॅक्सोफोन, व्हायोलिन, गायकाने लावून धरलेला वरचा स्वर हे सगळं मशीनला शिट्टीच वाटतं. मग माणसाला सूर थरथरताना नाहीतर दुहेरी ऐकू येतो. हार्प, गिटार, सतार यांचा स्वर छेडला की लगेच विरत जातो, म्हणून तिथे त्रास कमी.

जिथून मशीन घेतलं तिथे जाऊन 'म्युझिक प्रोग्रॅम' टाकून मागा. त्यात शिट्टी मारणारी आणि गोंगाट दाबणारी सोय सैल करतात. बहुतेक मशीनमध्ये वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो, बटण दाबून किंवा फोनवरून बदलायचा. आणि ऐकताना स्पीकरचा आवाज थोडा कमीच ठेवा. फार मोठा आवाज थेट माइकवर आला की तिथेच फाटतो, मग आत काहीही करा, तो दुरुस्त होत नाही.

एक विचारू? बाबांनी अलीकडे बासरी ऐकणं कमी केलंय का?

निवांत_दुपार:
त्यांनी बासरी दिवाळीपासून लावलेलीच नाही. पूर्वी रोज सकाळी पाण्याची मोटर बंद केली की पन्नालाल घोषांचं काहीतरी लागायचं. आम्हाला वाटलं मन लागत नसेल. मी एकदाही विचारलं नाही.

मशीन देताना आम्हाला या प्रोग्रॅमबद्दल कोणी अक्षर बोललं नाही. उद्या सकाळी उघडायच्या आधी जाऊन उभी राहते.

डबलबेस:
ताई, मग 'रक्षक' नका लावू या वेळी. त्यात सगळंच एकदम अंगावर येतं, बाबांना त्रास होईल. एमडू मॉक्टरचा 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' (2025) लावा. आफ्रिकेतल्या नायजर देशाचा, तुआरेग जमातीतला गिटारवादक, लहानपणी सायकलच्या वायरी ओढून पहिली गिटार स्वतः बनवलेला. 2023 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँड अमेरिकेत अडकला. आधी 'फ्युनरल फॉर जस्टिस' ध्वनिमुद्रित केला होता, पेटलेला रॉक. तीच गाणी न्यू यॉर्कमध्ये बसून ध्वनिक गिटारवर पुन्हा वाजवली. तोच संताप आता हुंदक्यासारखा ऐकू येतो. छेडलेली गिटार आणि टाळ्या, कानोसाताई म्हणतात तसं.

मध्यलय:
हे मी आत्ता ऐकलं. एकाच षड्जावर (सा) उभं राहून सगळं चालतं, बाबांना परकं वाटणार नाही. डबलबेस यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. 'प्रॉमिसेस' सहाव्यापर्यंत ऐकला, ट्रेंटनकर. व्हायोलिनं मान्य. बढत अजून मान्य नाही.

तबकडी:
मशीनचा प्रोग्रॅम ठीक आहे, पण मोबाइलऐवजी तबकडी लावून एकदा बघा, थरथर कमी होईल.

कानोसा:
नाही होणार. थरथर मशीनमध्ये तयार होते, तबकडी लावली तरी तितकीच राहील. कृपया त्यांचा खर्च वाढवू नका.

निवांत_दुपार:
रविवार सकाळ. सगळ्यांनी विचारलंय म्हणून लिहिते.

शुक्रवारी प्रोग्रॅम टाकून मिळाला, अर्ध्या तासाचं काम होतं. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. शनिवारी 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' लावला. महिनाभराचे पैसे भरले, शफल बंद, क्रॉसफेड बंद. बाबा शेवटपर्यंत बसले. तिसऱ्या गाण्यापासून मांडीवर बोटांनी ठेका धरला होता, अंधारात मला ऐकू येत होता. नंतर म्हणाले, शब्द कळत नाहीत पण हा माणूस कोणाला तरी हाक मारतोय. मुलगा म्हणाला, मूळ रॉकवाला अल्बम जास्त चांगला. त्यावर त्या दोघांचं साडेअकरापर्यंत चाललं.

आज पहाटे बासरी लागली. अजून थोडी थरथर आहे म्हणतात, पण खालच्या सप्तकात नाही.

'प्रॉमिसेस' आत्ता ते क्रमाने ऐकतायत, म्युझिक प्रोग्रॅम लावून, डाव्या स्पीकरजवळ खुर्ची ओढून. चौथ्या तुकड्याला मला हाक मारून विचारलं, हा गुणगुणणारा किती वर्षांचा? मी सांगितलं, अल्बम आला तेव्हा 80, पुढच्याच वर्षी गेला. ते म्हणाले, आवाज बंद करू नकोस, पाणी इथेच आणून दे.