बंद केलेलं कचऱ्याचं ट्रेंचिंग ग्राउंड गळ्यात पडलंय, पावसाआधी काय काय बघू?

माळवी_सबइंजिनियर:
नमस्कार मंडळी. राहतो इंदौरला, नोकरी तासाभरावरच्या एका नगर परिषदेत, गावाचं नाव विचारू नका. आमचं जुनं ट्रेंचिंग ग्राउंड चार वर्षांपूर्वी कॅपिंग करून, म्हणजे कचऱ्यावर मातीचे थर घालून, बंद केलं, ते करणारे साहेब बदलून गेले, ठेकेदाराचं फायनल बिल निघालं आणि फाईल गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर. फाईलमध्ये काय, तर नारळ फोडतानाचे फोटो आणि एका बोअरच्या पाण्याचा एक रिपोर्ट. आता प्रदूषण बोर्डाचं पत्र आलंय की बंद केल्यानंतरच्या देखरेखीचं रेकॉर्ड द्या. सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेब सोमवारी म्हणाले बंद आहे ना मग कसलं रेकॉर्ड, मंगळवारी म्हणाले इंदौरच्या देवगुराडिया ट्रेंचिंग ग्राउंडसारखं गार्डन करून टाका. काल साइटवर जाऊन आलो. लांबून छान गवत दिसतं, पण पश्चिमेच्या उतारावर हात जाईल एवढ्या भेगा, मधोमध एक भाग खचून परातीसारखा झालाय, त्यात मागच्या पावसाचा गाळ वाळून पापड झालेत. कचऱ्यातला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाच व्हेंटपैकी दोन पाइप गायब, भंगारात गेले असणार. पायथ्याला लीचेटचा (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचा) खड्डा अर्धा भरलाय, रंग कोऱ्या चहाचा. मे संपत आलाय, आधी काय धरू?

रामबागचे_काका:
बाळा, आधी भेगा. बाकी सगळं त्यानंतर. २०१६ च्या घनकचरा नियमांत कॅपचे थर दिले होते, खाली ६० सेंमी चिकणमाती, त्यावर १५ सेंमी निचऱ्याचा थर आणि वर ४५ सेंमी माती झाडोऱ्यासाठी. आपल्याकडे चिकणमाती म्हणजे काय, तर शेजारच्या शेतातली काळी माती. ती लॅबमध्ये ओली असताना झकास पास होते, पाणी म्हणून सोडत नाही, आणि मे महिन्यात तिला भेगा पडल्या की तीच चाळणी. वरचा ४५ चा थर त्यासाठीच असतो की खालची ओल टिकावी, आणि ठेकेदार नेमका तोच खातो. एमबी (कामाची मोजमाप वही) काढ आणि चार ठिकाणी हाताने खड्डा घेऊन टेप लाव. चिकणमातीच्या थराला भोक पाडू नकोस आणि खड्डा परत ठोकून बुजव.
भेगांत मुरूम ओतायचा नाही हे लिहून ठेव. मी नोकरीत असताना एका साइटवर हाच शहाणपणा झाला होता. मुरमातून पाणी आरामात जातं. जुलैच्या चार दिवसांच्या झडीत लीचेटचा खड्डा उलटला, नाल्याला काळं पाणी, आणि खालच्या शेतकऱ्यानं त्या पाण्याची बादली आणून ऑफिसात टेबलावर ठेवली, फायलींच्या शेजारी! वरची माती सारून भेगाळलेला थर उकरायचा, पाणी मारून परत थराथराने रोलर, जमलं तर बेंटोनाइट (फुगून पाणी अडवणारी माती) मिसळून. पंधरा दिवसांत सगळं होणार नाही, पण परात तरी भरून उतार दे, चारी बाजूच्या नाल्या साफ कर, आणि लीचेटचा खड्डा पाऊस यायच्या आत टँकर लावून एसटीपीवाल्यांशी (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राशी) बोलून रिकामा कर. बाभूळ सुबाभूळ बोटभर असतानाच उपट, मुळं कॅपमध्ये शिरतात.

पाणी_तपासते:
काकांचं बरोबर आहे, पण पाण्याचा नमुना याच आठवड्यात घ्या, नाहीतर उन्हाळ्याची तारीख हातची जाईल. नियमात हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं तपासायचं आहे. एका बोअरच्या रिपोर्टला अर्थ नाही, एक चढाच्या बाजूला आणि निदान दोन उताराच्या बाजूला हवेत. माळव्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तसाही बरेचदा ५०० च्या वर असतो, वरच्या बोअरशी तुलना नसेल तर बोर्डाला काय सांगणार की हे कचऱ्याचं की खडकाचं? खाली बसाल्ट आहे, पाणी फटींतून कुठेही निघतं, म्हणून उताराकडच्या शेतातली चालू विहीरपण घ्या. क्लोराइडवर लक्ष ठेवा, ते मातीत अडकत नाही, चढायला लागलं की समजा गळती पोचली.
बोअर आधी भरपूर उपसा, मग बाटली भरा. जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड, सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक, बीओडीत काही नाही (सीओडी, बीओडी ही पाण्यातल्या घाणीची मापं), आणि सगळं बर्फात. एका ठिकाणाहून आमच्याकडे कोल्ड्रिंकच्या न धुतलेल्या बाटलीत नमुना आला होता, बीओडी बघून सगळे हादरले, होती साखर 😄
लीचेट जुनं झालं की बीओडी आपोआप पडतो. तो ३० च्या खाली दिसला म्हणून पेढे वाटू नका, सीओडी २५० च्या आत आहे का आणि अमोनिया किती ते बघा.

माळवी_सबइंजिनियर:
ताई, काका, खूप आभार. आणि गॅसचं? चौकीदाराची खोली कॅपच्या अगदी कडेला आहे.

बडोद्याचा_पाटील:
मग पहिलं मोजमाप त्या खोलीत घ्या. हवेत ५ टक्के मिथेन झाला की पेट घेतो, नियमाने त्याच्या चौथाईच्या आत पाहिजे, म्हणजे सव्वा टक्का. मीटर भाड्याने मिळतो. खोलीत छताजवळ आणि वायरिंगच्या पाइपपाशी धरा, मिथेन हलका असतो. ढगाळ वातावरणात हवेचा दाब पडला की जमिनीतून जास्त निघतो, तेव्हा परत मोजा. चौकीदाराला तोवर आत बिडी पेटवू देऊ नका. लीचेटच्या मॅनहोलमध्ये कुणालाही उतरवायचं नाही. आमच्याकडे व्हेंटचे लोखंडी पाइप दोनदा चोरीला गेले, शेवटी सिमेंटचे लावले, त्यांना भंगारवाला विचारत नाही.

देवगुराडियाजवळचा:
सीएमओ साहेबांना एवढंच सांगा की देवगुराडियाला जुना कचरा झाकला नव्हता, उकरून चाळला होता, १३ लाख टनांच्या आसपास, आणि मग जागा मोकळी झाली. तुमच्याकडे कचरा अजून पोटात आहे. कॅप केलेल्या जागेची किमान १५ वर्षं देखरेख आहे, तुमची चारच झालीत. गवत ठीक, पण कारंजं आणि रोजचं पाणी घातलंत तर ते पाणी खालीच जाणार.

माळवी_सबइंजिनियर:
आज चार खड्डे घेतले. वरच्या थराला एमबीत ४५ लिहिलंय, टेपवर एकीकडे २२, दोन ठिकाणी १८, आणि चौथ्या खड्ड्यात ११ सेंमीवरच दुधाची पिशवी निघाली. खोलीतलं रीडिंग ०.४, चौकीदाराला तरी बाहेर शेड देतोय. फोटो काढलेत, नोटशीट लिहायला बसलोय.

रामबागचे_काका:
फोटोत टेपचा शून्य दिसतोय ना? नसेल तर उद्या परत काढ, दोन साक्षीदार उभे करून. आणि ती पिशवी फेकू नकोस, तिच्यावर तारीख असते.