अनुभव धागा: कुत्र्याच्या हृदयाभोवती पाणी

माळीणबाग: आज कुणीतरी लिहिलं, 'पोट फुगलंय, लिव्हरच असणार' आणि जुनं सगळं आठवलं. पोटात पाणी दिसलं की मानेवरचे केस ओले करून शीर बघा. कुत्रं उभं असतानाही शीर टच्च, ठोके भिंतीपलीकडून आल्यासारखे, मांडीतली नाडी श्वास घेताना बारीक होते? मग संशय हृदयावरच्या पिशवीवर. हाताळलंय त्यांनी लिहा.

रात्रपाळी: लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊ नका!!! पिशवीतल्या पाण्याच्या दाबाने हृदय भरतच नाहीये, त्यात लघवीवाटे पाणी काढलं की बीपी आणखी पडतं. सलाईन द्या, सुईने पिशवीतलं पाणी काढायची तयारी करा.

सोनोवाला: एक्स-रेत हृदय फुटबॉलसारखं गोल, ईसीजीत बुटके ठोके. पण एकोच (हृदयाची सोनोग्राफी) खरा. उजवा वरचा कप्पा आत दबताना दिसला की पाणी काढायला थांबू नये. कुत्रं तग धरून असेल तर गाठ आहे का ते पाणी काढण्याआधीच शोधा, भोवती पाणी असताना ती उठून दिसते.

सुई१६: सुई उजवीकडून, बरगड्यांमधल्या 5व्या फटीत, बरगडी-कुर्चेच्या जोडाजवळ. तिथे फुफ्फुस मध्ये येत नाही, मोठ्या कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिन्या) डावीकडे राहतात. भुलीचं 2% लिग्नोकेन थेट प्ल्युरापर्यंत (छातीच्या आतलं अस्तर), नाहीतर उडी मारतो. मोठ्याला 14–16 गेज कॅथेटर (बारीक नळी), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), 60 मिलीची सिरिंज. बरगडीच्या पुढच्या कडेने जा, शिरा मागच्या कडेला असतात. टोकाला खरखर लागली की हृदय टेकलंय, मागे घ्या. ईसीजी चालूच हवा. वेडेवाकडे ठोके थांबेनात तर लिग्नोकेन 2 मिग्रॅ/किलो शिरेतून.

बंड्याचीआई: गोल्डन रिट्रीव्हरचे सुईसाठी भादरलेले केस कधी येतात हो?

रात्रपाळी: दोन-तीन महिने. तोवर सोफ्यावरचे मोजा 😂

माळीणबाग: सुईतून लालभडक आलं की सगळे घाबरतात.

सुई१६: म्हणून पहिले 5 मिली साध्या ट्यूबमध्ये ठेवायचे. गोठलं तर बहुधा हृदयात शिरलात (ताजा रक्तस्राव असेल तरी गोठतं). नाही गोठलं तर पिशवीतलंच, काढत राहा. थोडं निघालं तरी ठोके उतरतात.

सोनोवाला: सायटॉलॉजीवर (काढलेल्या पाण्यातल्या पेशींची तपासणी) फार विसंबू नका, निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाही असं नसतं. गोल्डन, जर्मन शेफर्डमध्ये उजव्या वरच्या कप्प्यावर बहुधा हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) असतो, म्हणून प्लीहाही बघा. बॉक्सर-बुलडॉगची हृदयाच्या बुडाची गाठ सावकाश वाढते.

बंड्याचीआई: पुन्हा साठलं तर?

सोनोवाला: गाठ नसेल तर बऱ्याच जणांचं एक-दोनदा काढून भागतं. तिसऱ्यांदा भरलं की पिशवीच काढायचं बोला. आठवड्याने एको, आणि झोपेतले श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या वर गेले की फोन.

बंड्याचीआई: मोजतेय. स्वप्नात पळतोय मेला, परत पहिल्यापासून.