अमेरिका व्हिएतनाममध्ये नेमकी कधी उतरली? 1950, 1955, 1961, 1964 की 1965?

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या अभ्यास मंडळात व्हिएतनाम युद्धावर तासभर बोलायचं आहे. समोर स्पर्धा परीक्षेची मुलं असतील आणि निवृत्त शिक्षकही. पहिल्याच मुद्द्यावर अडलोय. अमेरिका या युद्धात कधी उतरली याचं साल एका पुस्तकात 1950, दुसऱ्यात 1955, तिसऱ्यात 1961. काही ठिकाणी 1964, तर गाइडमध्ये सरळ 1965. फळ्यावर कुठलं लिहू? दुसरं असं, की अमेरिकेच्या समाजात एवढी फूट पडली ती सक्तीच्या लष्करभरतीमुळे, असं वाचतो. ती भरती प्रत्यक्षात चालायची कशी? आणि ज्येष्ठ मंडळी अमेरिकेच्या लाल गव्हाचा विषय काढणारच. त्याचा व्हिएतनामशी खरंच संबंध होता का?

प्रीतिसंगम (कराड)

पाचही सालांना आधार आहे, म्हणून एकच लिहू नका. प्रत्येक सालापुढे "तेव्हा अमेरिकेचा माणूस तिथे काय करत होता" एवढं लिहा.

1950 मध्ये तो पैसा आणि शस्त्रं पोचवत होता. युद्ध फ्रान्सचं होतं, पण 1954 येईपर्यंत त्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार अमेरिका उचलत होती. 7 मे 1954 ला दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा लष्करी तळ पडला आणि जुलैत जिनिव्हा करार झाला. इथे मुलं हमखास चुकतात. करारानं दोन देश केले नाहीत. 17 व्या अक्षांशावर तात्पुरती रेषा आखली आणि 1956 मध्ये देशभर निवडणूक ठरवली. दक्षिणेचा सत्ताधारी न्गो दिन्ह दिएम यानं ती नाकारली, अमेरिकेनं त्याला साथ दिली. कराराच्या देखरेखीला जो आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, पोलंड आणि कॅनडा सदस्य. हे जरूर सांगा, आपल्याकडे ते फार कमी लोकांना माहीत असतं.

1 नोव्हेंबर 1955 ला अमेरिकेचा लष्करी सल्लागार गट खास व्हिएतनामसाठी वेगळा झाला, त्यांच्या संरक्षण खात्याची मोजणी तिथून धरतात. 1961 पासून राष्ट्राध्यक्ष केनेडींनी या सल्लागारांचा आकडा वाढवला. 1960 अखेर साधारण 900 माणसं होती, 1963 अखेर सुमारे 16,000. कागदोपत्री सगळे सल्लागार, पण हेलिकॉप्टरही तेच उडवत होते. नोव्हेंबर 1963 मध्ये दिएमविरुद्ध उठाव झाला. अमेरिकेला तो आधी ठाऊक होता आणि तिनं तो थांबवला नाही. दिएम मारला गेला, सायगाव या दक्षिणेच्या राजधानीत एकामागून एक सरकारं बदलली आणि सगळा भार वॉशिंग्टनवर आला. माझ्या मते परतीची वाट इथेच अरुंद झाली.

1964 वर मात्र दहा मिनिटं द्या. 2 ऑगस्टला टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटींनी अमेरिकेच्या मॅडॉक्स या विनाशिकेवर हल्ला केला. हा खरा हल्ला. त्याआधी काही दिवस दक्षिणेच्या कमांडो बोटींनी अमेरिकेच्या मदतीनं उत्तरेच्या बेटांवर मारा केला होता, हे तेव्हा जनतेला सांगितलं गेलं नाही. 4 ऑगस्टच्या रात्रीचा "दुसरा हल्ला" झालाच नव्हता. खराब हवामानात रडार आणि सोनारवरच्या खुणा चुकीच्या वाचल्या गेल्या, पकडलेल्या संदेशांचाही अर्थ चुकला. जहाजावरून "नीट पडताळा करा" असा निरोपही आला होता. तरी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री प्रतिहल्ला जाहीर केला. 7 ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव अमेरिकेच्या संसदेत मंजूर: सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2, प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0. युद्धाची रीतसर घोषणा शेवटपर्यंत झाली नाही, याच ठरावावर लढाई चालली. 1971 मध्ये तो रद्द झाला, तरी युद्ध थांबलं नाही.

1965 मध्ये मार्चच्या सुरुवातीला उत्तरेवर सलग बॉम्बफेक सुरू झाली. 8 मार्चला सुमारे 3,500 मरीन सैनिक दक्षिणेतल्या दा नांगला उतरले, काम एकच: विमानतळाची राखण. एप्रिलमध्येच त्यांना बाहेर पडून लढायची परवानगी मिळाली. विमानं राखायला सैनिक आले, मग सैनिक राखायला आणखी सैनिक. वर्षअखेर 1 लाख 84 हजार, एप्रिल 1969 मध्ये 5 लाख 43 हजार.

मिरज_जंक्शन

भरतीबद्दल. 1969 पर्यंत निर्णय स्थानिक भरती मंडळांच्या हाती होता. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळायची, त्यामुळे ज्याला फी परवडत नव्हती तो आधी उचलला जायचा. फुटीचं एक मोठं मूळ इथे आहे.

1 डिसेंबर 1969 ला सोडत आली. वर्षातल्या 366 तारखा चिठ्ठ्यांवर लिहून प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये घातल्या आणि काचेच्या भांड्यातून एकेक काढली. 1944 ते 1950 दरम्यान जन्मलेल्यांना ती लागू होती. पहिली निघाली 14 सप्टेंबर, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्यांचा क्रमांक 1. पुढे 195 पर्यंतच्या क्रमांकांना बोलावणं गेलं.

चूक झाली ती मिसळण्यात. कॅप्सूल महिन्यावार पेटीत टाकल्या. जानेवारीच्या पुन्हा पुन्हा ढवळल्या गेल्या, डिसेंबरच्या सगळ्यात कमी. भांड्यात ओतल्यावर वर्षअखेरच्या तारखा वरच्या बाजूला राहिल्या आणि लवकर निघाल्या. जानेवारीचा सरासरी क्रमांक 200 च्या आसपास आला, डिसेंबरचा 120 च्या. पुढच्या वर्षी तारखांचं एक पिंप आणि क्रमांकांचं दुसरं, असं करून हा दोष काढला. संख्याशास्त्राची मुलं असतील तर त्यांना हे उदाहरण द्याच.

पण फुटीचं सगळं खापर भरतीवर फोडू नका. "सैन्य पाठवणं चूक होती का" या गॅलप जनमत चाचणीतल्या प्रश्नाला ऑगस्ट 1965 मध्ये 24 टक्के लोक होय म्हणाले, ऑगस्ट 1968 मध्ये 53, मे 1971 मध्ये 61. मधे जानेवारी 1968 चा टेटचा हल्ला आहे, म्हणजे टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात उत्तरेच्या बाजूनं दक्षिणेतल्या शहरांवर केलेला हल्ला. लष्करी हिशेबानं तो परतवला गेला. पण युद्ध संपत आलंय असं सरकार महिनोन् महिने सांगत होतं आणि लोकांना टीव्हीवर सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात गोळीबार दिसला. सरकारच्या शब्दावरचा विश्वास तिथे गेला.

माणदेश

गव्हाचा संबंध होता, पण तेवढाच नव्हता. पीएल 480 (अमेरिकेचं जादा धान्य सवलतीत देणारा कायदा) खालचा करार 1965 च्या मध्यात संपल्यावर जॉन्सन यांनी लांबचा करार न करता थोडं थोडं धान्य सोडायला सुरुवात केली. उघड अट शेतीची होती: भारतानं खतं, बियाणं, सिंचन यांवर खर्च वाढवावा. मनातला राग व्हिएतनामचाही होता. शास्त्रीजींनी बॉम्बफेकीवर टीका केली होती, आणि जुलै 1966 मध्ये इंदिराजींच्या मॉस्को भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनातली भाषा वॉशिंग्टनला फार झोंबली. त्यानंतर जहाजं आणखी रखडली. त्याच काळात बिहारमध्ये दुष्काळ होता. उपाशी माणसांचं धान्य असं अडवणं मला अक्षम्य वाटतं, पण 1966 मध्ये अमेरिकेच्या गव्हाचा साधारण पाचवा हिस्सा भारतात आला, हेही त्याच दमात सांगायला हवं. एक सावधगिरी: आपल्या भागातल्या 72 च्या दुष्काळातली मिलो (परदेशी लाल ज्वारी) यात मिसळू नका, तो काळ वेगळा. चर्चेत लोक ती हटकून मिसळतात.

वारणाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता प्रीतिसंगम सरांनी सांगितला तसाच करतो. शेवट कुठला धरू, 1973 की 1975?

प्रीतिसंगम (कराड)

दोन्ही, वेगवेगळ्या ओळीत. 27 जानेवारी 1973 ला पॅरिस करार, 29 मार्चला शेवटच्या लढाऊ तुकड्या परत. पण कंबोडियावरची बॉम्बफेक 15 ऑगस्ट 1973 पर्यंत चालली, ती अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, पैसा बंद केल्यावर थांबली. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते, सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना ही तारीख त्यामुळे पटकन लक्षात राहील. मृतांचा आकडा देताना अमेरिकेचे 58 हजारांहून अधिक एवढंच लिहून थांबू नका. व्हिएतनाम सरकारनं 1995 मध्ये दिलेला आकडा स्वतःच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या सुमारे 11 लाख लढवय्यांचा आणि 20 लाखांपर्यंत नागरिकांचा आहे. दक्षिणेच्या सैन्याचे लाखो मृत त्यात धरलेले नाहीत, त्यांची ओळ वेगळी करा.