मदत हवी आहे : दिसायला देखणा लॅपटॉप, पण लोडवर दम टाकतोय

मंडळी, इंटेल आय५-१३३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी असलेला स्लिम मेटल बॉडीचा लॅपटॉप तपासतोय. वापर ऑटोकॅड आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. सांगलीतला उन्हाळा, खोलीत एसी नाही.

सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं मल्टी-कोअरवर, म्हणजे सगळे कोअर कामाला लावून, चालवलं आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (चिपचं तापमान आणि वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवलं. सुरुवातीला पॅकेज पॉवर (चिप खात असलेली वीज) ४० वॅटच्या वर जाते, मिनिटभरात १५ वर येते. इथवर ठीक, या चिपची बेस पॉवरच १५ वॅट आहे. खटकतंय ते वेगळंच: १५ वॅटलाही तापमान ९४ अंशांवर आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे वेग आपोआप कमी होणं) ‘येस’. नुसती पॉवर लिमिट (विजेवरची ठरलेली मर्यादा) लागली असती तर चिप एवढी तापली नसती. म्हणजे थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप) नीट बसलेली नाही की उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकच तोकडा? चार्जर जोडलेला, मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’, मागची बाजू उचललेली, फॅन पूर्ण वेगात.

दुसरं, टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ऐवजी ‘यूएचडी’ दिसतं. रॅम सिंगल चॅनेल (दोनऐवजी एकाच मार्गाने जोडलेली) असली की असंच होतं. एक स्लॉट रिकामा आहे. ८ जीबी डीडीआर४-३२०० लॅपटॉप रॅम टाकली तर ती ड्युअल चॅनेल होऊन बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याचा वेग) २५.६ वरून ५१.२ जीबी प्रति सेकंद होईल. ८ ऐवजी १६ जीबीची टाकली तर एकूण २४ पैकी वरचे ८ जीबी सिंगलवरच चालतील. ऑटोकॅडला तो फरक जाणवतो का?

वॉरंटी सुरू आहे. पेस्ट स्वतः बदलू की आधी कंपनीकडे तक्रार करू? विश्रामबाग किंवा मिरजेत हे काम काळजीपूर्वक करणारं कुणी असेल तर नक्की कळवा. याच चिपचे तुमचे दहा मिनिटांनंतरचे वॅट आणि तापमान दिलंत तर तुलना करता येईल.