हौशी खेळाडूला २८ पाउंडांचं गटिंग कशाला?

शाहूपुरीकर
काल रात्री बॅडमिंटन कोर्टवर एका पोराची रॅकेट पहिल्याच गेममध्ये गेली. तार नव्हे, फ्रेम. मिसहिट वरच्या कोपऱ्यात बसला, ‘टक्’ झालं आणि तडा. गटिंगला, म्हणजे तारांची जाळी ओढून बसवताना, २९ पाउंडांचा ताण घातला होता. दांड्याच्या वर बारीक अक्षरात कमाल २६ लिहिलेलं. पोरगं नुसतं रॅकेटकडं बघत बसलं.

माझं मत सरळ आहे. आठवड्यातून तीनदा ऑफिस सुटल्यावर खेळणाऱ्यानं २४ च्या वर जाऊ नये. गट, म्हणजे तार, जरा सैल असला की जाळी शटलला आत घेते आणि फेकते, निम्मं काम तीच करते. शटल मधोमध नाही लागलं तरी सांभाळून घेते. कडक गटाला वेग आपल्या मनगटातून द्यावा लागतो. टीव्हीवरचे खेळाडू ३० च्या पुढं जातात, पण त्यांच्या बॅगेत पाच-सहा रॅकेटी असतात. तालमीत नवं पोरगं आलं की आधी जोर-बैठका, मग कुस्ती. इथं सगळ्यांना थेट मैदान मारायचंय.

डावखुरा_बावडा
काका, मर्यादा २६ ची असताना २९ घातले तर फ्रेम फुटणारच. त्यात २७ वाल्यांचा काय दोष? माझ्या रॅकेटवर २८ लिहिलंय, मी २७ घालतो. २३ वर होतो तेव्हा माझा ड्रॉप, म्हणजे नेटलगत अलगद टाकायचा फटका, हातभर वर उडायचा, समोरचा मारायला टपलेलाच. आता जिकडं तोंड फिरवलं तिकडंच शटल जातं.

शाहूपुरीकर
आणि बॅकहँड क्लियर, मागच्या रेषेपर्यंत उंच मारायचा तो? परवा अर्ध्या कोर्टातच पडत होता की.

डावखुरा_बावडा
ते पायांमुळं. पोचायला उशीर झाला.

शाहूपुरीकर
सगळ्यांचं पायांमुळंच असतं भावा.

गटिंग_करतो
मशीनवर २७ लावले म्हणजे जाळीत २७ राहिले, असं कुणी सांगितलं? तार धरून ठेवणारा क्लँप सुटतानाच थोडं उतरतं, पहिल्या काही दिवसांत आणखी उतरतं, मग हळूहळू उतरतच राहतं. बावडेकर, तुमचं गटिंग कधीचं? दिवाळीचं असेल तर तुम्ही काकांच्याच आकड्यावर खेळताय.

आणि तार कुठली ते कुणीच बोलेना. बीजी ६५ म्हणजे ०.७० मिलिमीटर, जाड, टिकाऊ. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५, उसळी झकास, पण कडेला एक लागला की खलास. एकाच २५ वर दोन्हींचा हात वेगळा लागतो. माझ्याकडं निम्मी गिऱ्हाइकं येऊन एवढंच सांगतात, “आवाज आला पाहिजे.” आवाजासाठी २८! मी विचारतो, क्लियर मागच्या रेषेपर्यंत जातोय का? नसेल जात तर दोन पाउंड कमी करतो. जात असेल आणि शटल बाहेर पडत असेल, तर एक वाढवतो. एकदम चार वाढवून मागितले तर नाही म्हणतो. तेवढी दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

कोपर_दुखतंय
२७ आणि प्लॅस्टिक शटल, सहा महिने. नंतर तांब्या उचलताना कळ यायची. आता २२ वर आहे. फेदर, म्हणजे पिसांचं शटल, परवडत नसेल तर कडक गटाच्या नादाला लागू नका.

डावखुरा_बावडा
दादा, तुम्ही ग्रिप आवळून धरता. मी बघितलंय. गटाला कशाला बोल?

कोपर_दुखतंय
ग्रिपही असेल. डॉक्टरही तेच म्हणाले. पण २२ वर दुखत नाही, एवढं खरं.

मिरजकर_तिकटी
माझी रॅकेट दुकानातून आली तशीच आहे, किती पाउंड विचारलंच नाही. रविवारी शाहूपुरीकर आणि बावडेकर दोघांनाही २१-१५ नं हरवलं.

डावखुरा_बावडा
त्या दिवशी खरंच पाय दुखत होते.

गटिंगवाले, आठवलं, माझं गटिंग गणपतीतलं आहे.

गटिंग_करतो
घेऊन या. २५ घालतो.

डावखुरा_बावडा
२६.