११ वर्षांच्या मुलीला फ्रीस्टाइल स्लॅलम शिकायचं आहे: बूट, चाकं आणि कोन याबद्दल सल्ला हवा

निशिगंध:
मुलगी ११ वर्षांची आहे. दीड वर्षापासून साधे ॲडजस्टेबल इनलाइन स्केट वापरते. पुढे-मागे जाता येतं, वळता येतं, थांबते मात्र टाचेच्या ब्रेकनेच. आता तिला जमिनीवर मांडलेल्या छोट्या शंकूंच्या (कोनांच्या) रांगेतून करतात ते फ्रीस्टाइल स्लॅलम शिकायचंय. पाऊल २२.५ सेमी.

आहेत त्याच स्केटवर सुरुवात चालेल का? नवे घ्यायचे तर पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेऊ का? रॉकरिंग लगेच करायचं असतं का? आणि जागेचं काय? सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, गच्चीवर चायना मोझाइक, क्लबहाउससमोर गुळगुळीत कोटा.

तिरकी_चाल:
दोन नंबर मोठे अजिबात घेऊ नका, ताई. स्लॅलममध्ये सगळं काम चाकांच्या कडेवर चालतं. घोटा जितका झुकेल तितकंच चाक झुकायला हवं. बुटात टाच उचलली जात असेल तर पाय वळतो आणि बूट एक क्षण उशिरा वळतो. दोन कोनांमधल्या ८० सेंटीमीटरच्या अंतरात तेवढा क्षण नसतो.

माप घेताना संध्याकाळी, पातळ लांब मोजे घालून, भिंतीला टाच लावून कागदावर पाऊल आखा आणि मिलिमीटरमध्ये मोजा. वाढीसाठी ५ ते ८ मिमी जागा पुष्कळ झाली. सुरुवातीला आत एक पातळ इनसोल जास्तीचा घाला, पाय वाढला की काढून टाका. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. लेस बोटांकडे सैल, घोट्यापाशी घट्ट.

शेल (बुटाचं बाहेरचं कवच) कडक हवं, कफ (घोट्याभोवतीचा भाग) बाजूला सहज वाकता कामा नये आणि फ्रेम (बुटाखाली चाकं धरणारा सांगाडा) ॲल्युमिनियमची हवी. प्लॅस्टिकची फ्रेम एका पायावर वजन आलं की पिळते. फ्रेमची लांबी, म्हणजे पहिल्या चाकाच्या मध्यापासून शेवटच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ४ × ८० मिमी चाकांची २४३ मिमीची फ्रेम मोठ्यांसाठी ठीक. एवढ्या पायाला २१९ मिमी फ्रेम आणि ७२ ची चाकं, फार तर २३१ आणि ७६. फ्रेम लांब असली की वळण जड होतं आणि पाय क्रॉस करताना चाकाला चाक अडकतं. तीन मोठ्या चाकांचे स्पीडचे बूट यासाठी नकोत. फ्रेम आडवी सरकवता येईल अशी मिळाली तर उत्तम. पाय आत पडत असेल तर फ्रेम थोडी आतल्या बाजूला घेता येते.

तोपर्यंत जुन्यांवर पहिले दोन प्रकार शिकू द्या. फक्त ब्रेक काढा, तो मागच्या कोनाला आणि दुसऱ्या पायाला लागतो. पण काढण्याआधी टी-स्टॉप पक्का झालाच पाहिजे: मागचं स्केट आडवं ठेवून चाकं हलके घासत थांबणं. हेल्मेट, मनगट आणि गुडघ्याचे गार्ड धरून चाला.

ऐंशी_सेंटी:
जागेचं सांगतो. पेव्हर ब्लॉक बाद. फटीत पुढचं चाक बसलं की माणूस थेट तोंडावर पडतो. चायना मोझाइकवर चाकं खडखडतात आणि लवकर झिजतात. कोटा चालेल, पण आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवून. धूळ राहिली की कड सुटते. गुळगुळीत फरशीवर ८२-८३ए ची (ए हे चाकाच्या कडकपणाचं माप) जरा मऊ चाकं पकड देतात. काँक्रीट-डांबरावर ८५ए जास्त टिकतात. सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट मिळालं तर सोडू नका.

कोनांमधलं अंतर ५०, ८० आणि १२० सेमी असतं, मध्यापासून मध्यापर्यंत. ८० च्या रांगेत २० कोन, म्हणजे १९ फटी, १५.२ मीटर. तुम्ही १२० वर १० कोन लावा, १०.८ मीटर जागा आणि थांबायला पुढे-मागे चार-पाच मीटर. टेप पसरून खडूने ठिपके काढा, अंदाजाने ठेवू नका. कोन ७-८ सेमी उंचीचे, मऊ, चाकाखाली आले तर चेपणारे हवेत. कडक प्लॅस्टिकचा कोन दोन चाकांमध्ये अडकतो आणि पाय जागीच थांबतो. सुरुवातीला चहाचे कागदी कप उलटे ठेवले तरी भागतं, वारा नसेल तर.

क्रम असा ठेवा. आधी फिश: कोनापाशी पाय फाकवायचे, दोन कोनांच्या मध्ये जवळ आणायचे. मग क्रॉस: एका कोनाशी पाय उघडे, पुढच्याशी कैची, पुन्हा उघडे. मग स्नेक: दोन्ही पाय एकामागे एक, नागमोडी. हे तीनही उलटे, म्हणजे मागे जात, आल्याशिवाय नेल्सन, क्रेझी या पुढच्या प्रकारांकडे वळू नका. क्रॉसमध्ये एकच पाय कायम पुढे राहायची सवय लागते. पहिल्या दिवसापासून दोन्ही पाय आलटूनपालटून पुढे घ्या.

वेगाची आवड असेल तर स्पीड स्लॅलम आहेच: १२ मीटर धाव, मग ८० च्या २० कोनांतून एका पायावर, पाडलेल्या प्रत्येक कोनामागे ०.२ सेकंद वाढतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही हा प्रकार होता.

बेअरिंगवाला:
रॉकरिंग म्हणजे पहिलं आणि चौथं चाक जमिनीवरून किंचित वर. ७६-८०-८०-७६ लावलं तर व्यासात ४ मिमी फरक पडतो, म्हणजे टोकाची चाकं २ मिमी उचलली जातात. उभं राहिलं की वजन मधल्या दोन चाकांवर येतं आणि बूट जागेवर फिरतो. २१९ च्या फ्रेममध्ये हेच ६८-७२-७२-६८ होईल.

बरेच प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून रॉकर लावायला सांगतात. मला ते मुलांसाठी पटत नाही. चारही चाकं टेकलेली असताना फिश आणि क्रॉस सरळ रेषेत यायला हवेत. नाहीतर बूट पुढे-मागे डोलतो आणि मूल गुडघे ताठ करून तोल सांभाळायला लागतं. ती सवय मोडायला वेळ लागतो. स्नेक यायला लागला की रॉकर करा. वेगळी चाकं विकत घ्यायचीही गरज नाही. झिजलेली टोकांना आणि नवी मध्ये लावा, रॉकर आपोआप तयार होतो. जोडीची चाकं मात्र सारखी झिजलेली हवीत.

आतली कड आधी झिजते. तिरकी दिसायला लागली की चाकं उलटवा: आतली बाजू बाहेर. एक्सल घट्ट केल्यावर चाक हाताने फिरवून बघा. अडखळलं तर बहुतेक बेअरिंगमधला स्पेसर राहून गेलाय किंवा बेअरिंग पुरतं बसलेलं नाही. पावसात भिजले तर त्याच दिवशी बेअरिंग काढून पुसा. गंज काढायचा स्प्रे वंगण म्हणून मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. केरोसीनमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

निशिगंध:
खूप आभार. नवे बूट आले, २१९ ची फ्रेम. फिश, क्रॉस छान होतात. स्नेकमध्ये १२० वर ठीक, ८० वर मात्र प्रत्येक वेळी मागच्याच पायाने कोन पडतात.

ऐंशी_सेंटी:
हिशोब करून बघा. २१९ ची फ्रेम आणि ७२ चं चाक मिळून एक स्केट २९ सेमी. दोन एकामागे एक म्हणजे ५८, मध्ये चार बोटांची फट धरली तर ६५. ८० मध्ये उरतात १५. तिचं सगळं वजन पुढच्या पायावर असणार आणि मागचा नुसता ओढला जात असणार. ओढलेलं चाक आतून कापतं, घाटातल्या वळणावर एसटीचं मागचं चाक जातं तसं.

मागच्या पायावर निम्मं वजन द्यायला सांगा, मागच्या बुटाचं टोक पुढच्या टाचेच्या जवळ, खांदे सरळ, वळण कमरेखालून. नजर पायाशी नको, तीन कोन पुढे. आणि १२० वरून थेट ८० वर येऊ नका; आठवडाभर खडूने १०० वर लावा.