एकाच पाईपात सगळे तंबाखू? मला नाही पटत

घोडबंदरकर
काल इथे एकाने ठोकून दिलं : "तंबाखूगणिक वेगळा पाईप हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे. एक चांगला ब्रायर लाकडाचा पाईप घ्या आणि वाटेल ते ओढा." असलं वाचून नवी मुलं महागाचा पाईप वाया घालवतात, म्हणून सविस्तर लिहितो. लाटाकिया हा तंबाखू धुरीवर सुकवतात. तो वास ब्रायरच्या आतल्या कार्बनच्या थरात इतका मुरतो की पुढे त्यात साधी व्हर्जिनिया भरली तरी धुरीच लागते. चेरी-व्हॅनिलावाल्या सुगंधी मिश्रणांचंही तेच. या दोघांना स्वतंत्र पाईप हवेच. दुसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे तंबाखू भरायच्या पोकळीची. व्हर्जिनियात साखर भरपूर, घाईने ओढली की जीभ भाजते. अरुंद, खोल चेंबरमध्ये निखारा लहान राहतो आणि फ्लेक, म्हणजे दाबून कापलेला तंबाखू, सावकाश जळतो. लाटाकिया, ओरिएंटल, व्हर्जिनिया एकत्र असलेल्या इंग्लिश मिश्रणाला मात्र रुंद चेंबर द्या, सगळी पानं एकदम पेटतात.

वाशीकर
ते मीच लिहिलं होतं. लाटाकियापुरतं मान्य, पुढे एक पाऊलही नाही. चेंबर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने चव बदलत नाही, ठासण्याने आणि ओढण्याच्या वेगाने बदलते. मी मक्याच्या कणसाचा पाईप वापरतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावात १८६९ पासून बनतात ते. बर्ली, व्हर्जिनिया, सगळं त्यातच. जीभ शाबूत आहे. तुमचं अरुंद-रुंद म्हणजे महागडे पाईप घेतल्यावर मनाची समजूत.

घोडबंदरकर
समजूत? दोन पाईपांत एकच फ्लेक भरून ओढलाय कधी?

बेलापूरचा_पाऊस
दोघंही मूळ मुद्दा, तंबाखूची ओल, सोडून भांडताय. जुलैत आपल्याकडे हवाच ओली. डबा उघडा ठेवून तंबाखू सुकेल असं वाटतं? उलट ओल धरतो, बुरशी येते. ओला तंबाखू म्हणजे वाफ, आणि जीभ वाफेने भाजते. सुगंधी मिश्रणांत ओल टिकवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात, त्यामुळे ती आधीच चिकट. मग पाईप गुरगुरतो आणि दोष बिचाऱ्या चेंबरला.

कोलशेतकर
एसीच्या खोलीत कागदावर पसरून ठेवा, सुकतो. मी तेच करतो.

बेलापूरचा_पाऊस
सगळ्यांकडे एसी नसतो साहेब. मी तव्यावर किंचित कोमट करतो.

घोडबंदरकर
तव्यावर? व्हर्जिनियाचा सुगंध तव्यालाच देऊन टाकलात! फोडणी घालताय का?

नेरुळची_शेजारीण
तुमचं सुकवणं चालू द्या, पण तो धूर आमच्या घरात येतो त्याचं काय? खालच्या मजल्यावरचे एक काका रोज संध्याकाळी बाल्कनीत पाईप पेटवतात. माझ्या मुलाला दमा आहे, खिडक्या बंद करून बसतो आम्ही. सोसायटीत तक्रार केली तर "ज्याच्या त्याच्या घरात काय बोलणार" म्हणतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. घरातल्या धुराला कुणी विचारत नाही.

वाशीकर
ताई, सिगारेटपेक्षा पाईपचा वास तरी बरा.

नेरुळची_शेजारीण
माझ्या मुलाच्या छातीला वास कळत नाही.

खारघरकर
मीही बोलतो. माझे वडील पाईप ओढायचे. धूर छातीत घेत नाही, म्हणून निर्धास्त होते. शेवटी तोंडाचा कर्करोग. खारघरच्या टाटाच्या केंद्रात त्यांच्या शेजारी बसून मी त्यांना बोलता येत नाही हे पाहिलंय. धूर गिळला नाही तरी ओठ, जीभ, घसा यांना धोका असतोच. अरुंद चेंबर, रुंद चेंबर, तुम्ही काय ते ठरवा.

घोडबंदरकर
खारघरकर, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं, आणि धोका मी नाकारत नाही. नेरुळच्या ताईंनाही माझा विरोध नाही, आमच्या घरी लहान मूल आलं की मी पाईप कपाटात ठेवतो. पण इथे प्रश्न कोणत्या पाईपात काय भरायचं हा होता. ज्याला एकच पाईप हवा त्याने मेरशॉम घ्यावा, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा दगड, ब्रायरसारखा वास धरत नाही. हातातून निसटला की तुकडे, एवढंच.

वाशीकर
म्हणजे एका पाईपात सगळं ओढता येतं, हे शेवटी तुम्हीच सांगितलंत.

घोडबंदरकर
मेरशॉममध्ये. तुम्ही ब्रायर लिहिलं होतं, वर जाऊन वाचा.

वाशीकर
बरं, ब्रायर शब्द मागे घेतो. चेंबरचं मात्र अजिबात नाही. रविवारी तलावपाळीजवळ भेटू, दोन्ही पाईप आणि एक फ्लेक आणा. ओढायला तुमच्याच घरी जाऊ.

कोलशेतकर
तंबाखू सुकवून कोण आणणार?